लांबी, रुंदी आणि आमचे पाव्हणे

डॉक्टरांनी सांगितलेलं शब्दशः पाळणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच जन्माला आला आणि तो नेमका आमच्या घरात जावई म्हणून आला. बाकीचे लोक दवाखान्यातून निघताना मान हलवतात, औषधाच्या दुकानापर्यंत पथ्य लक्षात ठेवतात आणि बसस्टँडवर गरम भजी खाऊन घरी जातात. माझ्या धाकट्या बहिणीचे, कुसुमचे यजमान त्यातले नव्हते. एका उन्हाळ्यात त्यांना कचेरीत चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि सांगितलं, तेलकट कमी करा, मन रमेल असं काहीतरी करा, मुलीबरोबर थोडा वेळ घालवत जा. डॉक्टर हे रोज वीस जणांना सांगत असणार. यांनी घरी जाऊन तेलाचा डबा शेजारी देऊन टाकला, दुसऱ्या दिवशी शेळी आणली आणि त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मुलीचं नाव शाळेतून काढलं.

आम्ही माहेरची माणसं त्यांना पाव्हणे म्हणत असू. आमच्याकडे लग्नाला वीस वर्षं झाली तरी जावई पाव्हणाच राहतो. जळगावला एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढायच्या कामावर होते. धरणं, कालवे, पाटाच्या चाऱ्या, सगळं ट्रेसिंगच्या कागदावर शाईनं. माणूस बारीक, मान किंचित पुढे आलेली, खिशात सहा पेन्सिली आणि सहाही वेगवेगळ्या टोकाच्या. एखादी गोष्ट कागदावर काढून बघितल्याशिवाय ती आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसे. कुसुमला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी बाजूला ठेवून आमची ओसरी पावलांनी मोजली. आमचे आबा म्हणाले, "मुलगी बघायला आलात की घर?" हे म्हणाले, "मुलगी पसंत आहे. पण ओसरीला उतार कमी आहे. पावसाचं पाणी आत येत असेल." पाणी येत होतंच. आबांनी त्याच बैठकीत तारीख धरली. पहिल्या भेटीत खरं बोलणारा जावई पुन्हा मिळणार नाही, असं त्यांचं मत पडलं. मी धुळ्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका. माझ्या मते हा माणूस चाचणी घेऊनच घरात घ्यायला हवा होता, पण मला कोणी विचारलं नाही.

तर तेल बंद झालं. खानदेशात तेल बंद करणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. आमच्याकडे हिवाळ्यात कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी वांगी भाजतात, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचतात आणि त्यावर तेलाची फोडणी अशी पडते, की भरीत ताटात बसल्याजागी चमकतं. पाव्हण्यांनी ते भरीत वाफेवर करायला लावलं. मी डिसेंबरात गेले होते, तेव्हा माझ्या ताटात ते आलं. मला वाटलं, कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्याला बांधायला केलेला लेप चुकून वाढला. शेवभाजीतली शेव गेली, मग तर्री गेली, आणि उरलं त्याला कुसुम "रस्सा" म्हणायची, पण म्हणताना माझ्याकडे बघायची नाही. चहाच्या जागी गवती चहाचा काढा आला, दूध-साखरेशिवाय. शिवाय प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. त्यामुळे जेवताना त्या घरात कोणी बोलत नसे, सगळे मोजत असत. मी एकदा मीठ मागितलं तर चौघांचाही आकडा चुकला आणि चौघांनीही पहिल्यापासून सुरुवात केली.

चौघं म्हणजे पाव्हणे, कुसुम, नऊ वर्षांची वैशाली आणि पाव्हण्यांच्या आई, जिजी. जिजी भडगावकडच्या. सगळं आयुष्य खेड्यात गेलेलं, बोलणं पक्कं अहिराणी. त्या मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाल्या, "अक्काबाई, मना तोंडमा चारच दात शेतस. त्या चार दातेसनी बत्तीस खेप चावानं म्हणजे आजनं जेवण उद्या सरी." मी हे पाव्हण्यांच्या कानावर घातलं. त्यांनी विचार केला, पेन्सिल काढली, दातांच्या प्रमाणात हिशेब मांडला आणि जिजींना चार वेळा चावायची सवलत दिली. जिजी त्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी जेवून उठायच्या आणि फार खूश दिसायच्या.

एकदा रावेरच्या कुणा ओळखीच्या शेतकऱ्याने केळीचा अख्खा घड पाठवला. पाव्हण्यांनी केळ्याचे गुण कुठेतरी वाचले होते. मग सकाळी केळं, दुपारी कच्च्या केळ्याची भाजी, संध्याकाळी वाळवलेल्या केळ्याच्या पिठाची भाकरी. जिजींनी शेजारणीला भिंतीवरून सांगितलं, "आठ दिन व्हयनात, बठ्ठं घर केळंच खाई राहिनं." नवव्या दिवशी मात्र शेळीनंही सालीकडे पाठ फिरवली, तेव्हा प्रयोग संपला.

शेळीचं नाव चंद्री. ते जिजींनी ठेवलं म्हणून इतकं साधं. पुढच्या प्राण्यांची नावं पाव्हण्यांनी ठेवली. दोन बदकं आली, त्यातली एक लांबी आणि दुसरी रुंदी. घराभोवती दिवसभर फेऱ्या घालणारं एक भटकं कुत्रं आपणहून राहायला आलं, त्याचं नाव परिमिती. मी म्हटलं, "पाव्हणे, हे काय? लोक मोती, टिपू ठेवतात." ते म्हणाले, "अक्का, मोती म्हटल्यावर मुलीला काय कळणार? परिमिती म्हटलं की रोज डोळ्यांसमोर चालताना दिसते." कुत्रं खरंच कुंपणाला धरून चालत असे, एक कोपरा चुकवत नसे.

बदकांना पाणी हवं. जळगावच्या त्या नव्या कॉलनीत नळ एक दिवसाआड यायचा. पाव्हण्यांनी आधी कागदावर नकाशा काढला, मग अंगणात हौद खणला, आणि न्हाणीघरापासून हौदापर्यंत विटांची चारी बांधली. मधे पत्र्याचं छोटं दार, वर उचललं की पाणी सुटतं. घरात कुणीही आंघोळीला निघालं की कालव्याला पाणी सोडावं तसे हे बाहेरून ओरडायचे, "आवर्तन सोडू का?" कुसुम लाजेनं अर्धी व्हायची. पण मी एकदा बघितलं, दार उचलून ते उकिडवे बसले होते आणि साबणाचं पांढुरकं पाणी हळूहळू पुढे सरकताना बघत होते. चारी बावीस फुटांची. वीस वर्षं माणसानं दुसऱ्यांचे कालवे काढले, पण स्वतः काढलेल्या कालव्यातून पाणी जाताना बहुधा पहिल्यांदाच बघत असावा. मी तशीच आत गेले.

आणि रोज सकाळी सहा ते साडेसहा त्यांचं बदक-निरीक्षण. खुराड्यामागे एकटेच जाऊन बसायचे. कुणी यायचं नाही, माणसं वाढली की बदकं बिथरतात. त्या अर्ध्या तासानंतर माणूस इतका प्रसन्न होऊन यायचा, की कुसुमलाही वाटायला लागलं, जनावरांत काहीतरी गुण आहे.

मी मात्र प्रत्येक खेपेला धुळ्याहून पर्समध्ये शेवेची पुडी घेऊन जात असे. पारोळा, एरंडोल असं करत एस. टी. जळगावला पोचेपर्यंत अडीच-तीन तास लागायचे, आणि पुढे दोन दिवस वाफेवरचं खायचं, म्हणजे ही तयारी हवीच. एकदा पर्स खाटेवर ठेवून मी हातपाय धुवायला गेले तेवढ्यात चंद्रीने पुडी ओढली. पाव्हणे कचेरीतून आले तेव्हा ती दारात उभी होती आणि तिच्या दाढीला पिवळी शेव लटकत होती. पाव्हण्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि विचारलं, "शेळीला हा पदार्थ कोणी दिला?" मी पदराने चेहरा पुसत होते, कुसुम चूल फुंकत होती. चूल पेटलेलीच नव्हती. जिजी म्हणाल्या, "बाहेर कोठे खाई उनी व्हई." त्या संध्याकाळी चंद्रीला लंघन घडलं आणि आम्हा तिघींना तिच्याकडे बघवेना.

आता शाळेचं. वैशू तिसरीत होती. शांत पोरगी. घरात बोलायची, चारचौघांत आवाज फुटत नसे. वर्गात बाईंनी साताचा पाढा विचारला. तिला येत होता, पण उभं राहिल्यावर ओठ हलले आणि शब्द बाहेर आला नाही. बाईंना वाटलं, पाठ नाही. बाकावर उभी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला तिच्या पोटात दुखायला लागलं, ते पंधरा दिवस रोज त्याच वेळेला दुखलं. पाव्हणे शाळेत गेले, खिडकीतून एक तास बघितला आणि दाखला घेऊनच परत आले. मी फणफणत जळगावला गेले. म्हटलं, "असं सगळ्यांच्या बापांनी केलं तर आम्ही मास्तर लोकांनी शेळ्या राखायच्या का?" ते शांतपणे म्हणाले, "तिला उत्तर येतं, अक्का. फक्त उभं राहून येत नाही."

मग घरची शाळा सुरू झाली. सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी सहा ते साडेसात. मधल्या वेळात कुसुम घरकामात, म्हणून नेमून दिलेला अभ्यास वैशूने करायचा आणि जिजींनी देखरेख करायची. जिजी माळ घेऊन बसायच्या आणि अकराच्या सुमाराला भिंतीला टेकून झोपायच्या. गणित चारीच्या उतारावर आणि केळीच्या घडावर: घडाला फण्या किती, फणीला केळी किती, चंद्रीने दोन फण्या खाल्ल्या तर राहिलं काय. विज्ञान म्हणजे चंद्रीचं बाळंतपण, वैशूने ते शेजारी बसून मिनिटामिनिटाला लिहून काढलं होतं. वाचून आमच्या एका काकूंनी वही बंद केली आणि हात धुतले. भूगोलाला तोटा नव्हता. इतिहास मात्र पाव्हण्यांना चालत नसे, त्यात मापं नसतात म्हणे. पोरीला सगळ्या किल्ल्यांची उंची पाठ, तिथे कोण लढलं ते विचारलं की गप्प.

नातेवाइकांत चर्चा झाली, ती कुणाचीही होते तितपत झाली. पण दीड वर्ष गेलं आणि कुसुमचं अंतर्देशीय पत्र आलं. तिला पत्रं लिहायचा कंटाळा, त्यामुळे त्यात पाल्हाळ नव्हता. "अक्का, मे महिन्यात ये. चौथीचे पेपर काढून आण. तू वैशूची परीक्षा घे. मला कळत नाही तिला काय येतं आणि काय नाही. यांना विचारलं की नकाशा दाखवतात. तू पास म्हणालीस तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही, राहू दे घरी. नापास म्हणालीस तर जूनपासून तुझ्याकडे धुळ्याला ठेव आणि तुझ्या शाळेत पाचवीला घाल. हे मी त्यांना सांगितलंय." खाली बारीक, छापल्यासारख्या अक्षरात एक ओळ होती. "अक्का तपासतील ते मान्य." त्याखाली सही आणि सहीखाली दुहेरी रेघ.

खरं सांगायचं तर मी नापास करायच्या तयारीनेच गेले. बावीस वर्षं मुलं शिकवल्यावर माझं मत पक्कं झालं होतं, की मूल शाळेतच शिकतं. पण मनात कुतूहल मात्र होतं, हे कबूल करते. बदकं, वाफेचं भरीत आणि नकाशे यातून दीड वर्षांत काय तयार होतं, ते कुणाला बघावंसं वाटणार नाही?

पाव्हण्यांनी त्या दिवशी रजा काढली होती. ऊन असं, की अंगणात बदकंसुद्धा हौदातून डोकं वर काढत नव्हती. पुढच्या खोलीच्या दाराला वाळ्याचा पडदा लावला, त्यावर पाणी मारलं आणि मी वैशूला घेऊन बसले. पाव्हणे पडद्यापलीकडे येरझारा घालत होते, आणि त्यांच्यामागे परिमिती. मी दोनदा ओरडले, "पाव्हणे, पालकांनी वर्गाजवळ थांबायचं नसतं." पावलं लांब गेली आणि लगेच परत आली.

आधी तोंडी घेतली. साताचा पाढा. वैशू माझ्याकडे बघत राहिली, ओठ हलले, आवाज नाही. मी, तिची सख्खी मावशी, तरी नाही. मी पाटी पुढे केली आणि म्हटलं, "बरं, लिही." तिने साताचा लिहिला, मग न सांगता सतराचा, मग सत्तावीसचा, आणि पाटी संपली म्हणून थांबली. गणिताच्या पेपरात एक चूक नव्हती. फक्त प्रत्येक उदाहरणाला आकृती. दुधाचा भाव विचारला तरी आकृती. व्याकरण बरं होतं. इतिहासात दहापैकी तीन.

चित्रकलेत मी गाय काढायला सांगितली. तिने एक लांबट आकार काढला, एका टोकाला दोन रेघा, दुसऱ्या टोकाला एक लवचीक रेघ. मी कागद फिरवून फिरवून बघितला. "ही गाय?"

"हो."

"पाय कुठायत?"

"खाली आहेत. ही वरून आहे. ही शिंगं, ही शेपटी."

"गाय कोणी वरून काढतं का गं?"

"बाबा म्हणतात, समोरून काढलं की मागचं लपतं. वरून काढलं की काही लपत नाही."

पडद्यापलीकडची पावलं थांबली. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "पाच मार्क कापले," तेव्हा पुन्हा सुरू झाली.

शेवटी निबंध. विषय, "माझे घर". वैशूने विचारलं, "प्रमाण काय घेऊ, मावशी?" मला वाटलं, किती ओळी लिहू असं विचारतेय. म्हटलं, "तुला हवं ते घे. एक तास आहे." ती कागदावर वाकली आणि तासभर मान वर केली नाही. मी तेवढ्यात बाकीचे पेपर तपासले, बेरीज केली, आकडा एका चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. निबंध बाकी होता, पण त्याने निकाल बदलणार नव्हता.

कागद हातात आला तेव्हा त्यावर वाक्य एकही नव्हतं. नकाशा होता. उत्तर दिशेचा बाण, भिंती दुहेरी रेघांच्या, दारं, खिडक्या, चारी, हौद, खुराडं. अक्षर बापासारखंच. आणि उजव्या कोपऱ्यात चौकट करून चिन्हांची सूची. मी चष्मा लावून सूची वाचायला घेतली आणि मला हसू आवरेना. कुसुम आणि जिजी मागून डोकावल्या. पाव्हण्यांना आता कोण अडवणार, तेही पडदा बाजूला करून आत आले.

"त्रिकोण, जिजीचा गूळ," मी वाचलं. नकाशात त्रिकोण देवघराच्या फळीमागे होता.

जिजी म्हणाल्या, "मना गूळबी काढा का वं पोरी?"

"गोल, आईची शेव." गोल तांदळाच्या कोठीत होता. एक लहान गोल शेजारणीच्या भिंतीवर, कारण काही माल तिकडून यायचा. कुसुम एकदम पाणी आणायला निघाली.

"थांब," मी म्हटलं, "पुढे ऐक. चौकोन, मावशीची पर्स." पर्स खाटेखाली दाखवली होती, माझ्या सध्याच्या मुक्कामातली. मी घाईने पुढच्या ओळीवर गेले.

"आणि हे फुलीचं चिन्ह कसलं? खुराड्याच्या मागे?" मी सूचीत बघितलं. वैशूने स्वच्छ लिहिलं होतं: "बाबांचा स्टोव्ह, चहाची पूड, साखर. सकाळी सहा ते साडेसहा."

मग कुसुम म्हणाली, "बदक-निरीक्षण!" आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की खाली बसली. जिजी म्हणाल्या, "पोलिसमा धाडा हिले, पोलिसमा!" पाव्हण्यांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "अर्धाच कप घेतो. आणि निरीक्षणही करतो." मी म्हटलं, "पाव्हणे, समोरून काढलं असतं तर मागचं लपलं असतं." ते पण हसायला लागले. खूप दिवसांनी त्या घरात चौघंजण एका वेळी तोंड उघडून हसत होते. वैशू सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. आपण काय गंमत केली ते तिला कळलं नव्हतं.

पाव्हण्यांनी कागद हातात घेतला. नकाशा म्हटल्यावर त्यांना राहवत नाही. बोटाने भिंती तपासत गेले, "जाडी बरोबर... उंबरा विसरलीस... चारीचा उतार छान दाखवलाय..." बोट फाटकापाशी आलं आणि थांबलं. फाटकातून एक तुटक रेषा निघाली होती. ती घराच्या हद्दीबाहेर, कागदाच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिथे एक छोटी चौकट होती.

"ही तुटक रेषा कसली?"

"रस्ता," वैशू म्हणाली. "मी आणि चंद्री जातो तो."

"कुठे?"

"शाळेच्या कंपाउंडपर्यंत. शाळा चालू होती तेव्हा रोज. जिजी झोपली की."

जिजींनी तोंडावर पदर घेतला.

"आपण सोडली ती शाळा?" पाव्हण्यांनी विचारलं.

"हो."

"तिथे काय करतेस?"

"मधल्या सुट्टीत मुली लंगडी खेळतात. ते बघते. तिथे बाभळ आहे, चंद्री शेंगा खाते."

"आत जातेस?"

"नाही. बाहेरूनच."

मी विचारलं, "कुणाशी बोललीस कधी?"

"एकदा एक मुलगी म्हणाली, शेळीचं नाव काय? मी सांगितलं."

"मग?"

"मग घंटा झाली."

पाव्हणे कागद धरून उभे होते. कागद अगदी स्थिर होता, त्यांचा हात कधी हलत नसेच. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बाईंची भीती नाही वाटत?"

वैशूने विचार केला. "बाई आत असतात," ती म्हणाली. "मुली बाहेर असतात."

पाव्हण्यांनी कागद टेबलावर ठेवला, चारी कोपरे हातानं सपाट केले आणि अंगणात गेले. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. भर उन्हात ते चारीजवळ उभे राहिले, पत्र्याचं दार उचललं, पाणी नव्हतंच, पुन्हा खाली सोडलं. मग आत आले आणि मला म्हणाले, "अक्का, निकाल राहू द्या. पाचवीचे प्रवेश कधी सुरू होतात?"

कुसुम म्हणाली, "म्हणजे धुळ्याला?"

"धुळ्याला कशाला? इथे. रस्ता तिचा ठरलेला आहे." आणि वैशूला म्हणाले, "तोंडी परीक्षा लेखी घ्या, असं मी हेडमास्तरांशी बोलेन. चालेल?"

वैशू म्हणाली, "चंद्रीला न्यायचं नाही ना मग?"

"नाही. चंद्रीला मी नेईन फिरायला."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने धुळ्याला परतले. जूनमध्ये वैशू त्याच शाळेत पाचवीला बसली. दिवाळीपर्यंत ती उभं राहून एक-एक वाक्य बोलायला लागली, असं कुसुमने कळवलं. पुढे पत्रात तिच्या मैत्रिणींची नावं यायला लागली आणि ती इतकी वाढली, की मला लक्षात ठेवणं जमेना. भाजीत तेल दिसायला लागलं. जिजींनी दोन वर्षांनी डोळे मिटले. बदकं गेली, आधी रुंदी, मग लांबी. पाव्हण्यांनी पुन्हा आणली नाहीत. संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेत मात्र ते घरीच असत. वैशू खेळायला बाहेर असायची. ते टेबल पुसायचे, पेन्सिलींना टोकं करायचे आणि बसून राहायचे.

वैशू बारावी होऊन नाशिकला शिकायला गेली, त्या वर्षी मी जळगावला गेले होते. आम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो, आणि ते मधेच म्हणाले, "अक्का, त्या परीक्षेचा निकाल काय लावला होता तुम्ही? मी विचारलंच नाही कधी."

मला खोटं बोलायची सवय नाही. म्हटलं, "पास केलं होतं. नकाशा बघायच्या आधीच. इतिहास सोडला तर माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरीपेक्षा पुढे होती."

"म्हणजे ती घरीच राहिली असती."

"हो. तसं ठरलंच होतं."

रस्त्यावरून शाळा सुटलेल्या मुली सायकली हातात धरून गप्पा मारत चालल्या होत्या, त्यांचा आवाज कोपऱ्यावरून वळून जाईपर्यंत ते ऐकत राहिले.

"बरं झालं," ते म्हणाले, "त्या दिवशी विचारलं नाही. विचारलं असतं, तर ठेवून घेतलं असतं मी तिला."